दगड आल्याशिवाय उत्तर नाही

चनबसप्पांच्या अँबॅसिडरमध्ये नऊ माणसं बसत. गाडी पाच जणांसाठी केलेली होती, पण करणाऱ्याला सोलापूरचं एकत्र कुटुंब माहीत नसावं. पुढं चालवायला थोरला मुलगा कल्लप्पा, खिडकीशी गाडीचे मालक म्हणून स्वतः चनबसप्पा आणि दोघांच्या मधे एक नातू. मागं त्यांची बायको रत्नम्मा, थोरली सून शिवम्मा, तिच्या मांडीवर तान्हं, मग आठ वर्षांची महादेवी, तिचा दुसरा भाऊ आणि डाव्या खिडकीशी सुंदरम्मा. धाकटा मुलगा गुरुबसप्पा सात रस्त्याजवळचं किराणा दुकान सांभाळायला मागं राही. दुकान एक दिवस बंद ठेवण्यापेक्षा मुलगा मागं ठेवणं चनबसप्पांना सोयीचं वाटे.

सुंदरम्मा ही चनबसप्पांची थोरली बहीण. चोविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती एक ट्रंक घेऊन भावाकडं आली. ट्रंक माळ्यावर गेली, ती स्वयंपाकघरात गेली, आणि पुढची अठ्ठावीस वर्षं दोघींना तिथून कुणी फारसं हलवलं नाही. भाऊ आणि भावजय तिला अक्का म्हणत, बाकी लहानथोर सगळे आत्या म्हणत. घरात सगळे तिच्याकडं वळत ते काहीतरी मागायला. चहा, शेंगाचटणी, सुई-दोरा, पोटदुखीवर ओवा. गाडीत मात्र वळत ते ऐकायला. त्या डाव्या खिडकीशी हात रिकामे ठेवून बसायचं आणि आठ माणसांनी आपल्या तोंडाकडं बघत राहायचं, हे सुख तिला वर्षातून पाच-सहा वेळा मिळे. त्याच्या जिवावर ती उरलेलं वर्ष भाकऱ्या थापी.

ही जागा तिला कुणी मानानं दिलेली नव्हती. ती महादेवीच्या ओकारीतून मिळालेली होती.

झालं असं, की एकाहत्तर साली, गाडी घ्यायच्या आधी, सगळे एस.टी.नं अक्कलकोटला निघाले होते. महादेवी तेव्हा चार वर्षांची. एस.टी. हलली की पोरीचा चेहरा दोडक्यासारखा हिरवा पडे आणि पुढच्या दोन मैलांत खाल्लेलं सगळं बाहेर येई. त्या दिवशी ती नेमकी आजोबांच्या मांडीवर होती आणि आजोबा नेमके परीटघडीच्या पांढऱ्या धोतरात. पोरीनं आ केला तसं सुंदरम्मानं पुढं होऊन तिची हनुवटी वर दाबली आणि तोंडाला येईल ते विचारलं, "कावळ्याला दात किती? आता न्हाय सांगायचं. तो बघ, तिकडं मैलाचा दगड येतोय, तो आल्यावर सांगायचं. तोवर तोंड मिटून बघत बस." महादेवी डोळे ताणून रस्त्याकडं बघत बसली. दगड आला. "न्हाईतच की," ती म्हणाली. ओकारी कुठंतरी मधल्या मधे विरून गेली होती. सुंदरम्मानं लगेच दुसरा प्रश्न काढला. अक्कलकोटपर्यंत धोतर पांढरंच राहिलं.

तेव्हापासून नियम झाला. एका दगडाला प्रश्न, पुढच्या दगडाला उत्तर, मधे तोंड मिटलेलं आणि नजर पुढच्या दगडावर. बरोबर उत्तराला लिमलेटची गोळी. सरकारनं मैल मोडून किलोमीटर केले होते, त्याचा सुंदरम्माला फायदाच झाला. मैलभर तोंड मिटून बसणं त्या घरात मोठ्यांनाही जमलं नसतं. पोरांना हा खेळ वाटला, मोठ्यांना आत्याची हौस वाटली. दगडानं पोट जागेवर राहतं हे एकट्या सुंदरम्माला कळलेलं होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नाही. गुण सांगितला की औषध जो तो आपल्या घरी उगाळतो आणि वैद्य उपाशी मरतो.

प्रश्नांचा साठा दुकानातून येई. दुपारी जेवणं उरकली की सुंदरम्मा मागच्या पडवीत हळद-जिऱ्याच्या पुड्या बांधायला बसे. पुड्यांसाठी किलोनं रद्दी यायची. जुनी साप्ताहिकं, मुलांची पुस्तकं, मराठीही आणि कानडीही. नोकर ती सुरीनं कापून तिचे चौकोन करून ठेवी. सुंदरम्मा कानडी चौथी शिकलेली, मराठी तिला पुडीच्या कागदांनीच शिकवली. वाचण्यासारखा तुकडा दिसला की तो ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकी आणि त्या पुडीला दुसरा कागद घेई.

अडचण एकच होती. कागद कापताना सुरी काही वाचून चालत नसे. जिराफाच्या मानेत मणके किती, हा प्रश्न एका तुकड्यावर यायचा आणि त्याचं उत्तर कुणाच्या तरी जिऱ्याबरोबर बाळे गावाला गेलेलं असायचं. मग सुंदरम्मा उत्तर स्वतः पुरं करी. मान एवढी लांब म्हटल्यावर मणके एकवीस तरी हवेतच. एकदा हत्तीच्या आहारावरच्या तुकड्याखाली तिला तशाच कागदाचा दुसरा तुकडा सापडला. तिनं दोन्ही जोडून वाचले, आणि चनबसप्पांच्या घरात दोन वर्षं सगळ्यांची अशी समजूत होती, की हत्ती पहाटे चार मण गवत खातो आणि त्यावर चमचाभर तूप सोडतो. तुपाचं जरा जास्त होतंय असं शिवम्माला वाटलं होतं. पण दगड आला होता आणि आत्या बोलल्या होत्या.

कधी कधी उत्तर खरंही निघे. आठ हातांच्या एका समुद्री प्राण्याला काळजं तीन असतात, हा तुकडा अख्खा सापडला होता. चनबसप्पांनी त्यावर पुढच्या दगडापर्यंत विचार केला आणि म्हणाले, "तीन काळजं? मग तो व्यापारातला नसणार."

पंचाहत्तरच्या मे महिन्यात गुरुबसप्पाचं लग्न झालं. मुलगी विजापूरची. नाव शिवलीला. बी.एस्सी. झालेली आणि त्यातही प्राण्यांचा विषय घेतलेली. हे कळल्यावर बेडूक चिरलेल्या हातानं ही पोळ्या लाटणार का, एवढाच प्रश्न सुंदरम्माच्या मनात आला होता. पोरगी चांगली होती. पोळ्या मात्र बेडकासारख्याच लाटायची, चार दिशांना चार पाय.

जूनमध्ये सगळे मंगळवेढ्याला निघाले. रत्नम्माच्या भावानं घर बांधलं होतं, त्याची वास्तुशांत होती. नव्या सुनेला नेणं भाग होतं, म्हणून गाडीत दहावी जागा काढली. जाताना शिवलीला पदर सावरून मुकाट बसली होती. सुंदरम्मा तिला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानंच प्रश्न विचारत होती. कामती, बेगमपूर, माचणूर अशी गावं मागं पडत गेली. दहाजण होते, उकाडा होता आणि तान्ह्यानं दोनदा कपडे बदलायला लावले, पण कुणाचं पोट हललं नाही.

परत येताना शिवलीलेची भीड चेपली. माहेरच्या जेवणानं रत्नम्मा खुशीत होती, तिनं सुनेला सुपारी दिली, चार शब्द बोलली. गाडीनं तिऱ्ह्याजवळ सीनेचा पूल ओलांडला, सोलापूरच्या गिरण्यांची धुराडी दिसायला लागली. शेवटचा म्हणून सुंदरम्मानं एक राखून ठेवलेला प्रश्न काढला. उंटाच्या पाठीवरच्या उंचवट्यात काय असतं?

"चरबी," शिवलीला म्हणाली.

सुंदरम्मानं हसून सांगितलं, की दगड यायचाय अजून.

"उत्तर माहीत असल्यावर दगड कशाला, आत्या?" शिवलीलेनं सरळपणानं विचारलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. परीक्षेत तिला कुणी दगडाची वाट बघायला लावली नव्हती.

दगड आला. सुंदरम्मानं आपलं उत्तर सांगितलं. सात घागरी पाणी. शिवलीलेनं मान हलवली आणि पाणी का नसतं, चरबी का असते, उपाशीपोटी ती कशी कामी येते, हे दोन वाक्यांत समजावलं. मग महादेवीनं डोळे मोठे करून विचारलं, जिराफाचं पण चूक हाय का? शिवलीलेनं सांगितलं, सात. माणसाच्या मानेत असतात तेवढेच, फक्त लांब लांब. माणसाच्या अंगात हाडं किती? आत्या तीनशे साठ सांगायच्या. शिवलीला म्हणाली, दोनशे सहा. पोरांना तर खजिनाच सापडला. दगड नको, थांबणं नको, विचारलं की उत्तर. घर येईपर्यंत सहा किलोमीटरमध्ये अठरा प्रश्न झाले आणि तेवढ्या थोड्या वाटेत ओकायला कुणाला सवडच मिळाली नाही.

"माझ्या अंगात तीनशे साठ हाडं हायत," उतरताना सुंदरम्मा एवढंच म्हणाली. "सगळी दुखतायत. मी मोजलीत."

त्याच महिन्याच्या शेवटी सगळ्या देशालाच तोंड मिटून बसायला सांगण्यात आलं. चनबसप्पा दुकानात आवाज खाली आणून म्हणाले, आमच्या गाडीत हे चार वर्षं चालू होतं, आता सुटलं. सुंदरम्माला ते ऐकू आलं. तिनं त्या संध्याकाळच्या आमटीत मीठ घातलं नाही.

श्रावणात नागपंचमी आली. विजापूरकडच्या रिवाजाप्रमाणे शिवलीलेला पंचमीला माहेरी पोचवायचं होतं. पहिलाच सण, व्याह्यांच्या दारात पहिल्यांदाच गाडी जाणार. चनबसप्पांनी सगळ्यांना न्यायचं ठरवलं. जावई म्हणून, दुकान नोकरावर सोडून, गुरुबसप्पाला नेणं आलंच. आणि व्याह्यांकडं रिकाम्या हातानं जाता येत नाही, म्हणून सव्वाशे शेंगापोळ्या न्यायच्या होत्या. शेंगदाण्याचं कूट आणि गूळ घालून केलेल्या, पातळ, कागदासारख्या. अशा पोळ्या घरात एकाच माणसाला जमत.

सुंदरम्मा दोन दिवस तव्यापुढं बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी रत्नम्मा स्वयंपाकघरात आली, केळीच्या पानावर रचलेल्या चवडी बघितल्या, मोडक्या पोळीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि बाहेर बघत म्हणाली, विजापूर म्हणजे शंभर किलोमीटर, अक्कांच्या गुडघ्यांना झेपेल का? अक्कांचे गुडघे चांगले होते. आपण दुखतोय हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"जागेचं म्हणताय का?" सुंदरम्मानं विचारलं.

"जागेचं काय, केली असती," रत्नम्मा म्हणाली. "पण ही टोपली पायाशी ठेवली तर उष्णतेनं गूळ सुटतो की. खिडकीशी वारा लागतो."

तेव्हा सुंदरम्माला कळलं, की आपल्या जागेवर आपण लाटलेल्या पोळ्या बसून जाणार. हातातली पोळी तिनं जरा जास्तच भाजली.

संध्याकाळी महादेवी डबा मागायला आली. शिवलीलाकाकू म्हणतात, आत्यांचे प्रश्न द्या, मी गाडीत पोरांना उत्तरं सांगते. सुंदरम्मानं बिस्किटांचा डबा काढून दिला. पोरीला वाटलं होतं आत्या नाही म्हणतील. आत्यांनी उलट झाकणावरची धूळ पदरानं पुसून दिली. डब्यात प्रश्न होते. दगड काही डब्यात मावत नाही.

सकाळी सगळे निघाले. डाव्या खिडकीशी टोपली, नवं उपरणं पांघरून, मानकऱ्यासारखी. सुंदरम्मा दारात उभी राहिली. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत टोपली तिच्याकडं बघत होती असं तिला वाटलं. आत येऊन तिनं स्वतःपुरता चहा केला आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा, चूल चालू नसताना, पाय पसरून बसली. तेही पाच मिनिटांच्या वर जमलं नाही. डब्यातून पडलेला एक तुकडा फरशीवर होता. मुंग्यांना झोप किती, असा प्रश्न होता. पुढचं कापलेलं. तिनं उत्तर पुरं केलं नाही. कुणाला सांगायचं होतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी परत आली. आधी वास आला, मग गाडी दिसली. कल्लप्पा कुणाशी न बोलता फिनेल आणायला गेला. चनबसप्पा व्याह्यांचं धोतर नेसून उतरले, ते त्यांना चार बोटं आखूड होतं. रत्नम्मा डोकं दुखतंय म्हणत सरळ आत गेली. शिवलीला अर्थातच माहेरी राहिली होती, पंधरा दिवसांसाठी. टोपली कुठंच दिसत नव्हती.

सगळी हकिगत महादेवीनं सांगितली, आणि मन लावून सांगितली. काकूंनी डबा उघडला. एकामागून एक प्रश्न, एकामागून एक उत्तरं, सगळे ओरडत होते, कुणी बाहेर बघत नव्हतं, सगळे काकूंच्या हातातल्या कागदात डोकं घालून. वडकबाळचा पूल होईस्तोवर मजा चालली होती. तेरामैलचं गाव आलं तसं तिच्या पोटात ढवळलं. मंद्रूपचा फाटा मागं पडला आणि झालं. आधी ती. ते बघून तिचा भाऊ. मग पुढं बसलेला दुसरा भाऊ, आजोबांच्या धोतरावर. कल्लप्पानं गाडी थांबवायच्या आत काकूंनी तोंडावर पदर धरला होता, पण पदर पुरला नाही. खिडकी कुठं म्हणून त्या डावीकडं वाकल्या, आणि डावीकडं खिडकीच्या आधी टोपली होती.

"सगळ्या पोळ्या?" सुंदरम्मानं विचारलं.

"वरच्या तर गेल्याच," महादेवी म्हणाली. "खालच्या कुणी बघितल्याच न्हाईत. आजोबा म्हणाले, टाका नदीत. भीमेच्या पुलावर आम्ही टोपलीच उलटी केली. मासे लई आले, आत्या."

सव्वाशे शेंगापोळ्या भीमेच्या माशांनी खाल्ल्या. पोळ्यांचा पातळपणा त्यांनाही आवडला असणार. व्याह्यांसाठी झळकीला मिळतील ते पेढे घेतले, आणि त्यांतलेही दोन वाटेत महादेवीच्या भावानं खाल्ले.

पण खरी गंमत विजापुरात झाली. शिवलीलेला ओकारी झाली हे रत्नम्मानं व्याह्यांच्या अंगणात पाय ठेवताच विहिणीच्या कानात सांगितलं. मे, जून, जुलै अशी बोटं मोजून झाली. विहिणीनं आपल्या सुनेकडून चिंच मागवली. शेजारच्या दोघी हळदीकुंकवाला आल्या. नारळ फुटला. शिवलीला सांगत होती, की गाडी लागली हो, फक्त गाडी लागली. तिचं कुणी ऐकून घेतलं नाही. बी.एस्सी. झाली तरी अशा बाबतीत पोरीला काय कळतंय, असं दोन्ही आयांचं एकमत पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवलीलेनं आईला पाळीचं काय ते स्पष्ट सांगितलं, आईनं रत्नम्माला सांगितलं आणि तिचं डोकं तेव्हापासून दुखत होतं.

सुंदरम्मानं तिला सुंठ उगाळून दिली. चेहरा सरळ ठेवून दिली. त्याला किती कष्ट पडले ते तिचं तिला माहीत.

पंधरा दिवस झाले. एका सकाळी चनबसप्पा देवपूजा आटोपून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. ते तिथं सहसा येत नसत.

"अक्का, विजापूरला जायचं हाय. सून आणायची. तू चल."

"माझ्या गुडघ्यांना झेपंल का?"

चनबसप्पांनी छताकडं बघितलं. "रत्नी येत न्हाय म्हणती. तिला त्या विहिणीसमोर तोंड दाखवायचं न्हाय. पोरं तर येणारच म्हणतायत. आणि माझं एकच धोतर चांगलं उरलंय."

"टोपली हाय का?"

"टोपली न्हाय."

"मग बघते," सुंदरम्मा म्हणाली, आणि भाऊ पाठमोरा होताच पडवीतल्या चपला काढून पुसायला लागली.

शिवम्मा तान्ह्याला घेऊन घरीच राहिली आणि गुरुबसप्पा दुकानात, बाकी जाताना सगळं पूर्वीसारखं झालं. डावी खिडकी, दगड, गोळ्या. महादेवीनं दोनदा विचारलं, की हे उत्तर खरं का आत्यांचं? सुंदरम्मानं ऐकू न आल्यासारखं केलं. भीमा ओलांडल्यावर दगडांवरचे आकडे कानडी झाले. ते गाडीत नीट वाचता येणारी ती एकटीच, म्हणून तिनं एक-दोन दगड आपल्या सोयीनं लांबवलेही. विजापूरपर्यंत धोतर स्वच्छ होतं.

पण प्रश्न पोरांचा उरलाच नव्हता, हे तिला समजत होतं. परतीला शिवलीला गाडीत असणार. खरी उत्तरं तिच्याकडं होती. आणि आता पंधरा दिवस विचार करायला मिळाल्यावर त्या शिकल्या-सवरल्या पोरीला दगडाचंही कळलं असलं, तर मग सुंदरम्माकडं उरलं काय? पोळ्या. आणि पोळ्यांना खिडकी मिळते, पोळ्या करणारीला नाही.

जेवणं झाल्यावर शिवलीला तिला परसात घेऊन गेली. हौदाच्या कडेला दोघी टेकल्या. पोरीचा चेहरा निघायच्या आधीच उतरलेला होता. बोलणं कानडीत झालं.

"आत्या, एक विचारू? कुणाला सांगणार नाही ना?"

"विचार."

"मला गाडी लागते. लहानपणापासून. मंगळवेढ्याला जाताना मात्र काही झालं नाही. मी खूप विचार केला. त्या दिवशी मी बोलत नव्हते आणि तुमच्या त्या दगडाकडं बघत होते. ते प्रश्नांचं नाहीच ना? दगडाचं आहे."

हौदातल्या पाण्यात सुंदरम्माला आपलाच चेहरा दिसत होता, आणि तो चोरी पकडल्यासारखा दिसत होता.

"मी सांगितलं नाही कुणाला," शिवलीला म्हणाली. "सांगणारही नाही. पण पुन्हा गाडीत तसं झालं तर सासूबाई परत बोटं मोजतील. आई परत चिंच काढेल. मला आज घरापर्यंत नेऊन पोचवा, एवढंच."

खोटं बोलणं सोपं होतं. असलं काही नसतं, तुझा भ्रम आहे, म्हटलं असतं तर ती पोरगी पुन्हा टोपलीत वाकली असती आणि सुंदरम्माची जागा जन्मभर पक्की झाली असती. हा विचार तिनं पुरता केला. अगदी तेरामैलपर्यंत नेऊन केला. तिकडं पोचल्यावर तिला शिवलीलेच्या हातातला तो ओला पदर दिसला, आणि शिवाय आपण दोन दिवस तव्यापुढं बसून केलेल्या पोळ्या.

"खिडकीशी बस," ती म्हणाली. "लांब बघ, जवळ बघू नको. बोलायचं न्हाय. हसायचं पण न्हाय, हसताना तोंड उघडतं. दगड आला की एक श्वास सोडायचा." मग तिला आठवलं, की खिडकी एकच आहे. उजवीकडची काच गेल्या वर्षीपासून खाली येत नव्हती, ती कल्लप्पा दुरुस्त करणार होता. "मी मधे बसते," ती म्हणाली. "आजच्या दिवस."

शिवलीलेनं आत जाऊन कॉलेजच्या वहीची काही पानं आणली. तिच्या अक्षरात, कुठंही न कापलेली. प्राण्यांची होती. वाचून झाली की पुड्यांना वापरा म्हणाली.

गाडी निघाली. खिडकीशी शिवलीला, मधे सुंदरम्मा, तिच्या उजवीकडं महादेवी आणि तिचा भाऊ. मधल्या जागेवर आयुष्यात ती पहिल्यांदाच बसत होती. तिथून रस्ता दिसतो तो पुढच्या दोघांच्या खांद्यांमधून. चनबसप्पांच्या टोपीवर तेलाचा डाग होता, तो तिला इतकी वर्षं कधी दिसला नव्हता. दोन्ही बाजूंनी कोपरं लागत होती. पण पोरांची तोंडं तिच्याचकडं होती, आणि आता डाव्या बाजूलाही एक तोंड होतं, घट्ट मिटलेलं.

होर्ती गेलं. झळकी गेलं. भीमेच्या पुलावर सगळ्यांनी पाण्यात डोकावून बघितलं, मासे जाड झालेत का ते. शिवलीलेला हसू आलं, सुंदरम्मानं तिच्या मांडीला चिमटा काढला. हसू गिळलं गेलं. पोट जागेवर होतं.

तेरामैल जवळ आलं तशी महादेवी चुळबुळायला लागली. मागच्या खेपेची जागा तिच्याही लक्षात होती. पण तिच्या मनात दुसरंच होतं. ती आत्यांच्या आणि काकूंच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती आणि अखेर तिनं विचारलंच.

"आत्या, उंटाच्या पाठीत काय असतंय?"

कल्लप्पानं वेग कमी केला. चनबसप्पांनी मान वळवली. शिवलीला खिडकीतून लांब बघत होती, ओठ मिटून, आणि तिचे कान मात्र लाल झाले होते. तिच्या वहीचं पान सुंदरम्माच्या कमरेशी खोचलेलं होतं.

"दगड आला की सांगते," सुंदरम्मा म्हणाली.

दगड यायला फार वेळ लागला. निदान तिला तसं वाटलं. आला, खिडकीसमोरून गेला, शिवलीलेनं श्वास सोडला.

"चरबी," सुंदरम्मा म्हणाली.

महादेवीनं आजोबांकडं बघितलं, काकूंकडं बघितलं. "पण तुमी पाणी म्हणला होता. सात घागरी."

"व्हय. ते उन्हाळ्यातलं उत्तर. आता श्रावण हाय की."

"मग पाणी कुटं गेलं?"

"हा पुढचा प्रश्न," सुंदरम्मा म्हणाली. "तोंड मिट. दगड बघ."